मशीनची खांदशेकणी

"मॅडम, हे मशीन चालूच राह्यलं तं मी मरीन कशी?"

केळापूरच्या एका आजींनी मला हे विचारलं, तेव्हा मी त्यांच्या छातीवर ईसीजीचे चिमटे लावत होते. आजींच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवलेला होता आणि तो बसल्यापासून त्या ह्याच काळजीत होत्या. यमदूत यायचा, मशीन चालू दिसायचं आणि बिचारा हात हलवत परत जायचा, असं काहीतरी त्यांच्या मनात बसलं होतं. त्यातून वर गेलेले आजोबा वाट पाहत असतील ही आणखी एक भर. मी म्हटलं, "आजी, वेळ आली की मशीन कोणाला अडवत नाही." "पक्कं ना?" "पक्कं." आजी खुशीत घरी गेल्या. मी मात्र दिवसभर विचारात पडले, कारण मरण्याची हमी कशी द्यायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

यवतमाळात हृदयरोगाच्या एका दवाखान्यात मी उभं आयुष्य टेक्निशियन म्हणून काढलं. कोणी मला सिस्टर म्हणत, कोणी मॅडम, खेड्यावरची माणसं बाई म्हणत. काही जण डॉक्टरीणबाई म्हणायचे. त्यांना मी आधी दुरुस्त करायची, मग कंटाळले. ईसीजी काढायचा, पेसमेकर तपासायचे, घाबरलेल्यांना पाणी द्यायचं आणि पाणी पिऊनही घाबरणाऱ्यांना रागवायचं, हे माझं काम. माझा स्वभाव तापट आहे. दवाखान्यात त्याचा फार उपयोग होतो. टेबलावर वाकून, हात लांब करून उभं राहण्यात उजवा खांदा मात्र कामातून गेला. आता वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर मला स्टूल लागतं.

पेसमेकर म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकते. आपल्या हृदयाला ठोका द्यायला लावणारी वीज हृदयातच तयार होते आणि वरून खाली जाते. ती अडखळली की ठोका चुकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस उभ्याचा आडवा होतो. मग गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, बिस्किटाएवढी एक चपटी डबी बसवतात. तिची वायर शिरेतून हृदयात जाते. ही डबी नुसती ऐकत बसते. ठरलेल्या वेळात ठोका आला नाही तर स्वतः देते. बाहेरून छातीवर तपासणीच्या यंत्राचा एक गोळा धरला की डबी काय काय करते ते आमच्या पडद्यावर दिसतं, आणि ती कशी वागेल तेही तिथूनच बदलता येतं.

हे बदलता येतं, हेच लोकांना फार आवडतं. नेरचे एक शेतकरी दरवर्षी पेरणीच्या आधी यायचे. "आता कापूस निघेपर्यंत नव्वदवर ठेवा, मंग घरीच बसाचं हाये, मंग कमी करा." मी म्हणायची, "भाऊ, हा मोटरपंप नाही." ते म्हणायचे, "पंपच तं हाये जी."

पण मला सांगायचंय ते मारेगावकडच्या गुणवंतरावांबद्दल. त्यांच्या बाबतीत मी जेवढी गोंधळले तेवढी पुढे-मागे कधीच गोंधळले नाही. तो गोंधळ पुरता उतरला असंही म्हणवत नाही.

गुणवंतराव पराटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात बैलांमागे डवरा धरून तण काढत असताना चक्कर येऊन पडले होते. मग घरी ओट्यावर पडले. नागपूरला नेऊन पेसमेकर बसवला आणि पुढची तपासणी आमच्याकडे आली. अंगानं सडपातळ, बोलायला कमी, कोणाचं ऐकून घेताना मान एका बाजूला झुकवायची सवय. गावात बहुतेकांनी ट्रॅक्टर घेतले होते, पण ह्यांनी बैलजोडी ठेवली होती आणि पोळ्याला ती गावच्या तोरणाखाली स्वतःच्या हातानं न्यायची, ह्यात त्यांचा सगळा अभिमान होता. त्यांची बायको पंचफुलाबाई. ती मात्र दोघांच्या वाट्याचं बोलायची.

पंचफुलाबाईला नाडी पाहायला मीच शिकवलं होतं. ती रोज संध्याकाळी दिवा लावला की नवऱ्याचं मनगट हातात घेऊन बसायची. मशीन सत्तरवर लावलेलं, त्यामुळे नाडी कायम सत्तर. एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. आळीतल्या बायका आपापले हात पुढे करायच्या, तर कोणाची नाडी ऐंशी, कोणाची नव्वद. "आमच्या ह्याइची पाहा," पंचफुलाबाई सांगायची, "घड्याळासारखी हाये." गावात गुणवंतरावांच्या नाडीचा लौकिक झाला होता.

ह्या लौकिकानंच घात केला. दोनेक वर्षं सगळं छान चाललं आणि मग गुणवंतरावांना दम लागायला लागला. आधी वावरात, मग घरातल्या घरात. पाय सुजले. रात्री उशीला टेकून बसल्याशिवाय झोप येईना. पण नाडी सत्तर. पंचफुलाबाई म्हणायची, नाडी बरोबर आहे, मग आजार कशाचा. गावचा डॉक्टरही नाडी पाहून म्हणाला, हृदय एकदम ठीक आहे, गॅस झाला असेल. सगळा उन्हाळा गॅसच्या गोळ्यांत गेला.

शेवटी मुलगा प्रवीण दोघांना घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा दारापासून टेबलापर्यंत येतानाच गुणवंतराव दोनदा थांबले. मी गोळा छातीवर धरला. बॅटरी उत्तम, वायर उत्तम, सगळे आकडे एखाद्या हुशार पोराच्या प्रगतिपुस्तकासारखे. मी म्हटलं, "मशीन फर्स्टक्लास आहे."

"मंग हे असे काहून झाले?" पंचफुलाबाईनं विचारलं.

डॉक्टरसाहेबांनी इको केली. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदय हलताना दिसत होतं, पण आवळून रक्त पुढे ढकलण्याचा जोर निम्म्यानं गेला होता. साहेबांनी पुन्हा पाहिलं. शिरा तुंबल्या असतील म्हणून नागपूरला अँजिओग्राफी करायला लावली, त्या साफ निघाल्या. थायरॉइड ठीक, साखर ठीक, दारूचा थेंब नाही. साहेब रिपोर्टांचा गठ्ठा समोर ठेवून बसले आणि मला म्हणाले, "ताई, हे काय आहे?" पंचवीस वर्षांत साहेबांनी मला असा प्रश्न विचारला नव्हता. मी काय सांगणार, कपाळ?

मग त्यांनी विचारलं, "ह्यांचे किती ठोके मशीन देतं?" मी पडद्यावर पाहिलं. जवळजवळ सगळे. स्वतःचे नावालाच.

"खाली आणून पाहू."

खाली आणणं म्हणजे मशीनचा वेग हळूहळू कमी करायचा आणि त्याच्याखाली माणसाचं स्वतःचं हृदय काय करतं ते पाहायचं. सुरुवातीच्या दिवसांत असं केलं की गुणवंतरावांना लगेच अंधारी यायची, म्हणून पुढे आम्ही फार खाली जात नसू. आता साहेब मनगट धरून उभे राहिले, प्रवीण भिंतीला टेकला आणि मी सत्तरवरून आकडा उतरवायला लागले. पासष्टवर मशीनच. माझं बोट बटणावर. पंचफुलाबाई तोंडात पदराचा बोळा घेऊन पाहत होती.

साठच्या किंचित खाली पडद्यावरची रेघ बदलली. मशीनचा ठोका रुंद, ओबडधोबड दिसतो. हा आला तो बारीक, नेटका. त्याच्या मागे दुसरा आला. मग तिसरा.

"काका, कसं वाटतं?" मी विचारलं.

"काही नाई वाटत," गुणवंतराव म्हणाले. "हलकं वाटते."

मधल्या काळात त्यांचं स्वतःचं हृदय जागं झालं होतं. पण साठच्या आतबाहेर चालणाऱ्या त्या हृदयाला सत्तरवर धावणारं मशीन बोलूच देत नव्हतं. ते काही म्हणायच्या आत मशीन ठोका देऊन मोकळं.

साहेबांनी ते तिघांना समजावून सांगितलं आणि सांगायला बैल घेतले, इथेच पुढच्या सगळ्याची सुरुवात झाली. "मशीनची वायर हृदयाच्या उजव्या बाजूला आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे ठोका उजवीकडून सुरू होतो आणि डावीकडे उशिरा पोचतो. गुणवंतराव, डवऱ्याला जोडी जुंपली आणि रोज उजव्याला आधी हाकललं, डावा मागून निघाला, तर काय होईल?"

गुणवंतरावांनी मान झुकवली. "डवरा वाकडा चालन."

"आणि कोणता बैल थकेल?"

"दोनी थकन."

"तेच झालंय."

पंचफुलाबाईला हे पटलं नाही. "मंग मशीन बसवलंच कायले?"

"बसवलं नसतं तर हे तेव्हाच गेले असते, काकू."

"म्हंजे मशीनानं वाचवलं."

"हो."

"अन् मशीनानंच थकवलं."

"हो."

ती एकदा साहेबांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहायला लागली. आपली थट्टा चालली आहे का, हे ती तपासत असावी. मग तिनं विचारलं, "सगळ्याइचंच असं होते?"

"नाही. पुष्कळांना काही होत नाही."

"मंग ह्याइलेच काहून?"

साहेब म्हणाले, "ते मला माहीत नाही."

साहेबांचा मला कधी फार अभिमान वाटला असेल तर तो त्या वाक्यामुळे. पण पेशंटच्या बायकोला असल्या वाक्याचा काय उपयोग?

मशीन पन्नासवर आणून ठेवलं. म्हणजे हृदय स्वतः चालेल तोवर मशीननं गप्प बसायचं, हृदय फार अडखळलं तरच मध्ये पडायचं. बरोबर गोळ्या. हिवाळ्यात पुन्हा इको करायची आणि जोर वाढला नसेल तर नागपूरला जाऊन डाव्या बाजूसाठी आणखी एक वायर टाकायची. हे ऐकून गुणवंतरावांनी त्या दिवसातलं सगळ्यात मोठं भाषण केलं. "आता चिरफाड नाई करून घेत मी. ह्यानं झालं तं झालं. नाई तं प्रवीण नेईन बैल." म्हणजे सगळा भार आता त्या एका आकड्यावर आणि गोळ्यांवर आला.

निघताना साहेब पंचफुलाबाईला धीर द्यायला म्हणाले, "मशीन फार राबलं, काकू. आता त्याला जरा आराम देऊ."

मग तिचे फोन सुरू झाले. नाडी आता सत्तर राहिली नव्हती. कधी अठ्ठावन्न, कधी चौसष्ट, गोठ्यातून आले की पंच्याहत्तर. "बाई, नाडी पुढं-मागं होऊन राह्यली." मी सांगायची, काकू, हे चांगलं आहे, माणसाची नाडी अशीच असते. ती म्हणायची, "पह्यले तं घड्याळासारखी होती." मी आवाज चढवायची, ती फोन ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. आळीतल्या बायकांसमोर तिचं नाक कापलं गेलं होतं, हेही मला नंतर कळलं.

पोळा झाला आणि दोन दिवसांनी तिघं न कळवता दारात उभे राहिले. मी गुणवंतरावांचा सदरा काढला. मशीनवरची कातडी लाल, हात लावला तर गरम, आणि टाक्यांच्या जुन्या वणाभोवती सगळीकडे पिवळं.

आमच्या धंद्यात ह्याच्याइतकं कशालाच भीत नाहीत. मशीनच्या खिशात पू झाला तर मशीन, वायर सगळं काढावं लागतं, जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं. आणि हा माणूस तर चिरफाड नको म्हणून बसलेला. मी साहेबांना हाक मारली. साहेबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताप आहे?" नाही. "दुखतं?" "आग होते," गुणवंतराव म्हणाले आणि दुसरीकडे पाहायला लागले. प्रवीण छताचा पंखा पाहत होता.

मी स्पिरिटचा बोळा घेऊन हलक्या हातानं पुसलं. पिवळं बोळ्यावर आलं, कातडी खाली स्वच्छ निघाली. मी बोळा नाकाशी नेला. स्पिरिटच्या आडून तुपाचा वास येत होता.

"हे काय लावलंय?"

प्रवीणनं आईकडे पाहिलं. मग पंचफुलाबाईच बोलली. "खांदशेकनी केली."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावायची, पळसाच्या गरम पानानं शेकायचं आणि बैलाला आमंत्रण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून काडीचं काम घ्यायचं नाही. पंचफुलाबाईनं दोन्ही बैलांचे खांदे शेकले, हातात पान गरम होतंच, तिनं नवऱ्याला ओट्यावर बसवलं आणि मशीनही शेकलं. आवतनसुद्धा दिलं.

मी जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही. कातडी भाजली, मोठा फोड आला असता तर, तो चिघळला असता तर. ती ऐकून घेत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "साहेबच म्हणले ना, मशीन राबलं, त्याले आराम द्या. मंग घरात राबनाऱ्या सगळ्याइचे खांदे शेकले, त्या एकाचाच कायले ठेवाचा?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब आत निघून गेले. आतून खोकल्यासारखा आवाज येत होता, बराच वेळ. ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी म्हटलं, "साहेब, सांगा अजून बैलाच्या गोष्टी."

कातडी वरवरच भाजली होती, मलमानं आठवड्यात बरी झाली. मी सक्त ताकीद दिली की ह्या खांद्याला पुन्हा हळद नाही, तूप नाही, पान नाही. आणि आलेच आहेत तर म्हणून गोळा छातीवर धरला. मशीनचे ठोके जवळजवळ बंद झाले होते. सगळा कारभार हृदयानं हातात घेतला होता. हे ऐकल्यावर पंचफुलाबाईनं माझ्याकडे अशी मान हलवली की जणू मी तिचंच काम वाचून दाखवत होते.

हिवाळ्यात इको झाली. जोर वाढला होता, पूर्ण नव्हे, पण चांगला वाढला होता. पायांची सूज गेली होती, गुणवंतराव आडवे झोपत होते. नागपूरची वायर टळली. मी साहेबांना विचारलं, हे सेटिंगनं झालं की गोळ्यांनी? साहेब म्हणाले, दोन्हींनी असेल, वेगळं काढून सांगता येणार नाही. पंचफुलाबाई म्हणाली, शेकल्यानं झालं. साहेबांनी वाद घातला नाही. मीही घातला नाही, कारण माझ्याकडे तरी ठाम काय होतं?

हे लिहिताना आणखी एक जण डोळ्यांपुढे येते. तशीच दम लागतो म्हणून आलेली शाळेतली एक मदतनीस बाई. तिचं मशीन असंच खाली आणत गेलो, तर खाली तिचा स्वतःचा ठोकाच नव्हता. तिला नागपूरला पाठवलं, दुसरी वायर बसली, जे करायचं ते सगळं केलं, तरी ती राहिली नाही. तिच्या नवऱ्यानं मला तोच प्रश्न विचारला होता, हिचंच का. मी त्याला पाणी दिलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. पोळ्याच्या आधी पंचफुलाबाईचा फोन आला, या म्हणून. मुक्कामालाच या. गेले. संध्याकाळी गोठ्यासमोर तिनं बैलांचे खांदे शेकले, आवतन दिलं. गुणवंतराव सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावून लांब उभे होते, आणि ती माझ्याकडे पाहून हसत होती. मग ती पान घेऊन माझ्याच समोर आली. "बाई, तुमचा कोन्ता खांदा दुखते?"

मी नाही नाही म्हणेपर्यंत तिनं पदर सरकवून उजव्या खांद्याला तूप-हळद चोळली आणि पान दाबलं. पान बेताचंच गरम होतं, तेवढं ती शिकली होती. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती म्हणाली. बैल अशा वेळी काही बोलत नाहीत, म्हणून मीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर जोडी सजवून निघाली. कासरे गुणवंतरावांच्या हातात. प्रवीण दोन पावलं मागे, मी त्याच्या मागे, आणि माझी नजर बैलांवर नव्हती. गुणवंतराव थांबतात का, त्यांचे ओठ निळे पडतात का, खांदे वर-खाली होतात का, मी तेवढंच पाहत होते. ते चालत राहिले. तोरणाखाली पोचल्यावर झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जबाबाची गाणी, सुरू झाल्या, सगळं गाव ओरडत होतं. त्या गर्दीत गुणवंतरावांनी मागे वळून मला शोधलं आणि डावा हात पुढे केला.

मी मनगट धरलं. नाडी चालल्यानं वाढलेली होती, मग श्वासाबरोबर थोडी उतरली, पुन्हा किंचित चढली. दोन ठोके सारखे नव्हते.

"कोन चालून राह्यलं, बाई?" त्यांनी विचारलं. "मशीन का मी?"

"तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी हात सोडवून घेतला, कारण डावा बैल तोरणाकडे ओढायला लागला होता.